सांध्यातले ढेकूण

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की बेळगावात मातीला भाव येतो. मुले पोती घेऊन सायकलींवरून बाहेर पडतात, कुठल्याशा बांधावरून तांबडी माती आणतात, आणि अंगणात, अंगण नसेल तर रस्त्याच्या कडेला, किल्ला उभा राहू लागतो. शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत तर मोठी मुले रात्री जागून एकेक गड हुबेहूब उभारतात आणि तो पाहावयास माणसांची रीघ लागते. निपाणीकडची माती काळी, तंबाखूची. तिचा बुरूज वाळला की त्याला भेगा पडतात, आणि पोरे पाडव्याच्या सकाळी त्या बुजवीत बसतात. निपाणीत बत्तीस वर्षे गणित शिकवून मी बेळगावी मुलाकडे राहावयास आले तेव्हा दोन गावांतला हा फरक मला प्रथम जाणवला. गेली दोन वर्षे मात्र आमच्या घरात तिसऱ्याच मातीचा एक किल्ला बांधला जात आहे. या मातीला ना रंग, ना वजन. पण भेगा तिलाही पडतात, आणि त्या बुजविण्याचे काम पाहता पाहता मी त्यात पुरती गुंतून गेले आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी नातवंडांच्या खोलीत डोकावून ‘हा काय खुळा नाद’ म्हणून परत फिरणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांना ही हकीकत सांगावी असे वाटले.

आमचा नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. त्याच्या किल्ल्याची जमीन ज्यात आहे त्या प्रोग्रामचे नाव ‘लुआंटी’. तो खेळ नव्हे, खेळ तयार करण्याचे इंजिन आहे. फिनलंडमधील पेर्टू आहोला या तरुणाने २०१० साली ते लिहावयास घेतले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, शेजारच्या स्वीडनमध्ये ‘माइनक्राफ्ट’ नावाचा ठोकळ्यांचा खेळ निघाला होता, आणि आपल्याला असे काही कितपत साधते ते पाहावे, एवढाच आहोलाचा हेतू होता. पुढे माइनक्राफ्ट २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीचशे कोटी डॉलरना विकत घेतला. आहोलाने आपली लिहिलेली ओळन्‌ओळ जगाला खुली करून टाकली. कोणीही ती वाचावी, बदलावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा सर्वांना द्यावी. पहिली पुष्कळ वर्षे या इंजिनाचे नाव ‘माइनटेस्ट’ होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बदलून लुआंटी झाले. फिनिश भाषेत ‘लुओन्ती’ म्हणजे निर्मिती. आणि ज्या ‘लुआ’ भाषेत या इंजिनावरचे खेळ लिहितात ती ब्राझीलची, तिच्या नावाचा पोर्तुगीज अर्थ चंद्र. निर्मिती आणि चंद्र यांची ही मोट मला आवडली. चित्रे काढणारा इंजिनाचा भाग ज्यापासून निघाला त्याचे नाव तर ‘इर्लिश्ट’. दलदलीत वाटसरूला भुलवून आडवाटेला नेणाऱ्या उजेडाला जर्मन लोक असे म्हणतात. आपल्याकडे चकवा लागतो, तसलाच प्रकार.

या जगात सारे काही ठोकळ्यांचे असते. चित्रातील सर्वांत लहान ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. त्याच ठिपक्याला लांबी-रुंदीबरोबर उंचीही दिली, तो घन झाला, की त्याचा व्हॉक्सेल होतो. माती, दगड, पाणी, गवत, हवासुद्धा, प्रत्येक घनाला एक क्रमांक. सोळा लांब, सोळा रुंद, सोळा उंच अशा ४,०९६ घनांचा एक गठ्ठा बांधून इंजिन तो एकदम उचलते आणि एकदम ठेवते. प्रत्येक घनासाठी चार बाइट जागा लागते: दोन ‘हे काय आहे’ यासाठी, एक उजेडासाठी, एक किरकोळ माहितीसाठी. एवढ्यावर डोंगर, दऱ्या आणि गड उभे राहतात.

नातवाने बांधावयास घेतला तो राजहंसगड. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूरच्या टेकडीवरचा हा छोटा गड शहरातून सहज दिसतो. संगणक आमचा जुना, त्याच्या वडिलांच्या कचेरीतून निवृत्त होऊन आलेला. गड थोडा वर येताच त्याने मान टाकली. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे पुढून सरकतात म्हणून आपल्याला हालचाल सलग दिसते. आमच्या गडावर सेकंदाला सात-आठच सरकत. चालणारा माणूस भिंतीला टेकत टेकत चालल्यासारखा दिसे. मुलाने जेवताना नवा संगणक घेण्याची गोष्ट काढली. त्यावर नातू म्हणाला, “बाबा, यंत्र हळू नाही. आपण त्याला नको ती कामे सांगतोय. ती कोणती, ते आधी मोजू या.”

या एका वाक्याने मला त्याच्या खुर्चीशेजारी नेऊन बसविले. आयुष्यभर मुलांना ‘आधी मोजा, मग बोला’ असेच सांगत आले होते, आणि ऐकणारा हा पहिलाच. इंजिनात एक बटण दाबले की कोपऱ्यात आकडे उमटतात. दुसरे दाबले की कोणत्या कामाला किती वेळ गेला याचा आलेख दिसतो. मनाने अंदाज करून एखादा भाग वेगवान करीत बसावे आणि खरा खोळंबा भलतीकडेच निघावा, हे या धंद्यात नित्याचे आहे म्हणे. रुग्णाला न तपासता औषध देणाऱ्या वैद्यासारखे ते होते.

वेग कसा येतो हे समजण्यास त्या गठ्ठ्याचेच गणित पुरे आहे. एका ठोकळ्याला सहा बाजू. ४,०९६ ठोकळ्यांच्या २४,५७६. भरीव दगडाचा गठ्ठा असेल आणि इंजिन या सगळ्या बाजू रंगवीत बसले तर बिचाऱ्याचा जीव जाईल. परंतु दोन दगडांच्या मध्ये दडलेली बाजू कोण पाहणार? बाहेरून दिसणाऱ्या बाजू फक्त सहा वेळा २५६, म्हणजे १,५३६. काम थेट सोळाव्या हिश्श्यावर आले, आणि डोळ्यांना तसूभरही फरक नाही. ही युक्ती अशा सर्वच इंजिनांत प्रथमपासून असते. पुढच्या सुधारणा याच वाटेवरच्या. लगतच्या सारख्या बाजूंची एकच मोठी बाजू करा, पाठीमागचे काढू नका, दूरचे ढोबळ काढा. नवे काही करण्यापेक्षा करू नये ते ओळखणे, यातच पुष्कळशी करामत आहे. सासरी आल्यावर पहिल्या वर्षात माझ्या सासूबाईंनी स्वयंपाकघरात मला हेच शिकविले होते.

यात एक मेख आहे. गठ्ठ्याच्या कडेवरचा ठोकळा झाकलेला आहे की उघडा, हे गठ्ठ्यात पाहून कळत नाही. शेजारच्या गठ्ठ्यात काय आहे ते विचारावे लागते. म्हणून सोळा घनांचे चित्र काढावयाचे तरी सभोवारचा एक एक थर धरून अठरा घनांची, म्हणजे ५,८३२ घनांची माहिती हाती असावी लागते. शेजारी अजून आलेलाच नसेल तर कडेला भगदाड दिसते, किंवा नको तेथे भिंत. हे मी वहीत टिपून ठेवले. पुढे त्याचा पुनःपुन्हा प्रत्यय आला.

आमच्या गडाचा खोळंबा मात्र इंजिनाचा नव्हताच. नातवाने लुआमध्ये लिहिलेला प्रोग्राम टेकडी रचताना एक ठोकळा ठेवी, मग दुसरा ठेवी, मग तिसरा. दोनशे लांब, दोनशे रुंद, तीस उंच, एवढ्या जागेचे बारा लाख घन. एकेक ठोकळा ठेवला की इंजिन इमानाने विचार करते: याने उजेड अडला का? शेजाऱ्यांना कळवावयाचे का? हा गठ्ठा बदलला अशी नोंद करावयाची का? बारा लाख वेळा! वाण्याकडे जाऊन मीठ आणावे, परत येऊन पुन्हा जिऱ्यासाठी जावे, तसा तो कारभार. इंजिनात यावर उपाय आहे. ‘व्हॉक्सेलमॅनिप’ नावाच्या सोयीने सारा टापू एकदम मागून घ्यावा, घरच्या घरी हवे ते बदल करावे, आणि एकदम परत करावा. दोन मिनिटांवर जाणारे काम तीन-चार सेकंदांत होऊ लागले. नातवाने आनंदाने टाळी वाजविली आणि गडाच्या दरवाजातून आत शिरला, तो आत मिट्ट काळोख. बाहेर लख्ख ऊन, आणि सदरेच्या उघड्या चौकात अमावास्या!

एकेक ठोकळा ठेवताना इंजिन उजेडाचा हिशेब स्वतः करीत होते. घाऊक काम घेतल्यावर तो हिशेब आपण सांगून करून घ्यावा लागतो. ती एक ओळ राहून गेली होती. उजेडाच्या शून्य ते पंधरा अशा सोळा पायऱ्या. दिव्यापासून एकेक घर दूर जावे तशी एकेक पायरी उतरते. हा दोष इतका ओळखीचा आहे की तो निस्तरण्यासाठी ‘फिक्सलाइट’ नावाचा हुकूमच इंजिनात आहे. उजेड आला.

उजेडात दिसले ते निराळेच. तटाला लागून दर सोळा घरांना एक खोली, असा आराखडा होता. पूर्वेच्या खोल्या बरोबर. दरवाजाजवळची एक मात्र लांबलचक, एकतीस घरांची, आणि तिच्यापुढे पश्चिमेला सगळ्याच भिंती एका घराने सरकलेल्या. नातू आणि त्याचा मित्र रात्री अकरापर्यंत प्रोग्राम चाळीत बसले. मी एवढेच विचारले, की या जगात शून्य कोठे आहे? दरवाजातच होते. मग मला कागद-पेन्सिल पुरे झाली.

शून्य ते पंधरा ही घरे शून्य क्रमांकाच्या खोलीत, सोळा ते एकतीस ही पहिल्या खोलीत. सोळाने भागावे, अपूर्णांक टाकून द्यावा, क्रमांक मिळाला. पश्चिमेकडे घरांचे क्रमांक ऋण होतात. उणे एकला सोळाने भागून अपूर्णांक टाकला तर उत्तर शून्य! उणे पंधराचेही शून्य. म्हणजे उणे पंधरापासून अधिक पंधरापर्यंत एकतीस घरे एकाच खोलीत कोंबली गेली. खरे पाहता भागाकारात बाकी ऋण ठेवावयाची नसते. उणे एक म्हणजे सोळा गुणिले उणे एक, अधिक पंधरा. खोलीचा क्रमांक उणे एक. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम मांडले, तेव्हापासून ऋण संख्या आपल्या घरच्या. तरी दरवर्षी वर्गातील निम्मी मुले या पायरीवर अडखळत. हल्लीच्या सी प्लस प्लस भाषेतही पूर्णांकांचा भागाकार शून्याकडेच झुकतो, असे नातवाने सांगितले, आणि मग इंजिनाच्या मूळ लिखाणात शिरून त्याने एक छोटे सूत्र मला दाखविले. संख्या ऋण असेल तर भागण्यापूर्वी तीतून पंधरा वजा करावे. उणे एकाचे झाले उणे सोळा. भागिले सोळा, उणे एक. उणे सोळाचे उणे एकतीस, तेही उणे एक. उणे सतराचे उणे बत्तीस, आता उणे दोन. मी तीनही उदाहरणे करून पाहिली आणि खाली बरोबरची खूण केली. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून कोणी तरी माझ्या नववीच्या वर्गातला अडथळा नेमका ओळखून ठेवला होता.

प्रोग्राममधील दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. १९४७ साली हार्वर्डच्या एका गणकयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. शब्द मात्र त्याहून जुना आहे. मला त्या शब्दाने आठवतो तो ढेकूण. आमच्या लहानपणी वैशाखात खाटा अंगणात आणून उन्हात टाकीत आणि आई किटलीभर उकळते पाणी घेऊन येई. ते पाणी ती फळीवर कधी ओतत नसे. पाया आणि पाटी जेथे मिळतात त्या सांध्यात ओती. ढेकूण फळीच्या मध्यावर बसत नाही, सांध्यात बसतो. या दोन वर्षांत जे जे दोष मी पाहिले ते असेच सांध्यातले निघाले: गठ्ठा आणि गठ्ठा यांच्या मध्ये, शून्य आणि उणे एक यांच्या मध्ये, एकाने काम सोडले आणि दुसऱ्याने उचलले त्या क्षणात. कसलेले लोक प्रोग्राम तपासताना प्रथम कडेच्या संख्याच घालून पाहतात, मधल्या नाहीत. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

आता ज्या दोषाने मला खरोखर झोप लागू दिली नाही, त्याकडे येते. गड झाला, पायथ्याला गाव आले, गावाच्या वेशीवर पाटी हवी. नातवाचा तो मित्र चिकोडीकडचा, घरी कन्नड बोलणारा. दोघांनी ठरविले की पाटी दोन्ही लिपींत लावावयाची. ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांना ‘पाटी’ या शब्दाचे वजन कळणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव-निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या साऱ्या काळात येथे भांडण झाले ते बहुधा पाट्यांवरून. कधी या लिपीला डांबर, कधी त्या. आणि येळ्ळूरच्याच वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून पाडला गेला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला, तो पुन्हा पाडला गेला आणि गावात लाठीमार झाला. त्या गावाची पाटी ही दोन पोरे ठोकळ्यांच्या जगात उभी करीत होती, एकाच खांबावर दोन लिपींत. मी काही बोलले नाही.

पाटी उभी राहिली आणि दोन्ही लिपी मोडून पडल्या. ‘येळ्ळूर’मधला जोड ‘ळ्ळ’ जुळेचना. पाय मोडलेला एक ळ, शेजारी धडधाकट दुसरा. कन्नडमध्ये असे दुसरे अक्षर पहिल्याच्या पायाशी बसते, त्याला ते ओत्तक्षर म्हणतात. तेही खाली न बसता ओळीत येऊन उभे राहिलेले. ‘निपाणी’ लिहून पाहिले तर पहिली वेलांटी ‘न’च्या आधी न पडता नंतर पडली, आणि ‘पा’च्या डोक्यावर जाऊन बसली. ‘चिकोडी’चे तेच. ‘बेळगाव’ तेवढे धड उमटले, कारण त्यात जोडाक्षरही नाही आणि पहिली वेलांटीही नाही. माझ्यासाठी त्यांनी पायथ्याशी एक वाडा बांधला होता, त्यावर ‘आज्जी’ लिहिले होते. तोही ‘ज’ लंगडा.

याचे कारण कळले तेव्हा कोणावर रागावण्याची सोयच राहिली नाही. फिनिश, इंग्रजी या भाषांची अक्षरे रांगेत उभी राहतात. एक काढावे, त्यापुढे दुसरे काढावे. इंजिन तेच करीत होते. आपल्या अक्षराला शेजारी कोण आहे हे कळल्याशिवाय स्वतःचे रूप ठरविता येत नाही. संगणकाच्या पोटात ‘क्ष’ म्हणजे क, मग पाय मोडण्याची खूण, मग ष, असे तीन क्रमांक साठविलेले असतात. त्यांचा एक आकार करणे हे निराळेच काम, आणि ते करणारे निराळे साधन लागते. जगभर सर्वाधिक वापरात असलेले असे खुले साधन म्हणजे ‘हार्फबझ’. ते बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी माणसाच्या हातून घडले. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाज’ म्हणजे उघडे, त्यावरून ते नाव. आपल्या जुन्या मराठीत ‘हरफ’ आहे तो हाच. लुआंटीत हे साधन जोडलेले नव्हते. म्हणून त्याच्या बांधणीच्या सूचनांत अरबी, हिब्रू, थाई यांच्याबरोबर हिंदी आणि कन्नड या दोन भाषांची नावे कित्येक वर्षे वगळण्याच्या यादीत राहिली. स्वयंसेवकांनी भाषांतरे केलेली. परंतु अक्षरे नीट काढता येत नाहीत म्हणून पडद्यावर आणावयाची नाहीत. हिंदीची लिपी तीच मराठीची. बेळगावच्या रस्त्यावर एकमेकींना मागे सारणाऱ्या दोन लिपी तेथे एकाच यादीत, एकाच कारणाने, शेजारी शेजारी ताटकळत होत्या.

नातवाच्या मित्राने मग मला आणखी एक गंमत दाखविली. युनिकोड या जागतिक तक्त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. भारतीय लिपींचे कप्पे आपल्याकडच्या १९८८ च्या ‘इस्की’ प्रमाणावरून आखले गेले, त्यामुळे ते सारख्याच क्रमाने लागले आहेत. देवनागरी ‘क’चा क्रमांक २,३२५, कन्नड ‘क’चा ३,२२१. वजाबाकी ८९६. ‘ख’ची वजाबाकी ८९६. ‘ळ’ची, जो प्रमाण हिंदीत नाही पण या दोघींत आहे, तीही ८९६. मी संबंध वर्णमाला करून पाहिली. निवृत्त माणसाला वेळ असतो.

दोष सापडणे आणि तो दूर होणे यांत मोठे अंतर आहे. खुल्या प्रोग्रामला मालक नसतो असे लोक समजतात. ते तितकेसे खरे नाही. कोणीही सुधारणा लिहून पाठवावी, पण ती मुख्य प्रवाहात घेण्यापूर्वी सामान्यतः दोन जाणत्या कारभाऱ्यांची संमती लागते. ते वाचतात, उलट प्रश्न करतात, पुष्कळदा परत पाठवितात. हे काम बहुतेक जण आपापला पोटाचा धंदा सांभाळून करतात, त्यामुळे उत्तराला महिने लागतात. एखाद्या नव्या बदलाने इंजिन अचानक मंद झाले तर गुन्हेगार बदल शोधण्याची रीत मला विशेष आवडली. हजार बदल झाले असतील तर मधला, पाचशेवा, घेऊन पाहतात. तेथे वेग ठीक असेल तर दोष नंतरच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचा मध्य. दहा फेऱ्यांत हजारांतला एक हाती लागतो. शब्दकोशात शब्द आपण असाच शोधतो, फक्त फेऱ्या मोजीत नाही.

जोडाक्षरांची मागणी तेथे फार पूर्वीपासून नोंदलेली आहे. ती कोणी नाकारलेली नाही. पण काम जिकिरीचे आहे, कारण येथे अचूकपणा आणि वेग यांची गाठ पडते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावयाचे, आणि प्रत्येक वेळी प्रत्येक शब्दाची अक्षरे जुळवीत बसावयाचे म्हटले तर आमच्या संगणकासारखे जुने यंत्र पुन्हा मान टाकील. पाटीवरचा शब्द रोज बदलत नाही. म्हणून तो एकदा जुळवावा, त्याचा आकार जपून ठेवावा आणि पुढे तोच दाखवावा, असे नातवाचे म्हणणे. पूर्वीच्या छापखान्यांत जोडाक्षरांचे खिळे ओतून केसमध्ये तयार ठेवीत, कंपोझिटर ते नुसते उचली. त्याचाच हा अवतार. तोवर मुलांनी तात्पुरती सोय म्हणून ‘येळ्ळूर’ हा शब्द दोन्ही लिपींत दुसरीकडे नीट लिहून त्याचे चित्र केले आणि पाटीवर डकविले आहे. लांबून कोणाला कळत नाही. पण ते चित्र आहे, अक्षर नव्हे. त्यात शोध घेता येत नाही, खाडाखोड करता येत नाही, आणि दुसऱ्या गावाची पाटी लावावयाची तर पुन्हा नवे चित्र. नातवाला ते सलते. मलाही सलते.

नुसते ‘आमची भाषा नीट दिसत नाही’ असे लिहून कोणाचे काही चालत नाही, हे दोघांना एव्हाना समजले आहे. कारभारी विचारतात: कोणता शब्द, कसा दिसतो, कसा दिसावयास हवा? फिनलंडच्या वा जर्मनीच्या माणसाला ‘येळ्ळूर’ बरोबर उमटले की नाही हे डोळ्यांनी कसे कळणार? म्हणून त्यांनी परीक्षेच्या शब्दांची यादी करावयास घेतली आहे. प्रत्येक शब्दापुढे त्यातले क्रमांक, आणि त्यापुढे बरोबर रूपाचे चित्र. कोणी सुधारणा केली की ही यादी तिच्यावरून फिरवावयाची. मराठी शब्द देण्याचे काम माझ्याकडे आले. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘सुऱ्या’ हे मी प्रथम दिले. तो अर्धचंद्रासारखा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदी जुळविणाऱ्याच्या हातून आपला तेवढा राहून जाण्याची भीती. मग ‘वाङ्‌मय’, ‘उज्ज्वल’, ‘स्वातंत्र्य’. शेवटी ‘कार्त्स्न्य’ घातला. अर्थ विचारू नका, संपूर्णपणा असा काहीसा आहे. पण पाच व्यंजने एकावर एक चढलेली असा शब्द मला दुसरा आठवेना, आणि हा उमटला तर बाकीचे उमटतील.

कन्नडची यादी मित्राच्या घरून येते. त्याची आजी चिकोडीजवळच्या खेड्यात असते. तो रविवारी तिला फोन करतो आणि शब्द उतरवून घेतो. परवाच्या यादीत पहिले चार शब्द त्याने मला वाचून दाखविले: अप्प, अक्क, अण्ण, अज्जी. मराठीच्या रकान्यात मी ते अजून लिहिलेलेच नव्हते. पेन्सिल घेऊन त्याच ओळींत लिहून टाकले: अप्पा, अक्का, अण्णा, आज्जी. आता दोघांची मिळून एकशे चौदा ओळींची यादी झाली आहे. क्रमांक तपासावयाचे माझ्याकडे आहेत. त्यांतले साठ झाले.